नाल्याच्या दोन्ही काठांचा एक प्रभाग

महापालिका निवडणुकीआधी प्रारूप प्रभाग रचना (कोणती घरं कोणत्या प्रभागात याचा कच्चा आराखडा) जाहीर झाली की ती सगळ्यात आधी माजी नगरसेवक बघतात, मग इच्छुक, मग त्यांचे कार्यकर्ते. आपल्यासारख्यांना ती कळते थेट मतदानाच्या आदल्या आठवड्यात, चिठ्ठीवर भलत्याच शाळेचं नाव आलं की. २०१७ला आमच्या वस्तीचं असंच झालं. नाल्याच्या अलीकडची घरं एका प्रभागात, पलीकडची दुसऱ्या. कुणी हरकत घेतली नाही, कारण हरकत घेता येते हेच कुणाला ठाऊक नव्हतं.

त्याचा परिणाम पुढची कितीतरी वर्षं डोळ्यांसमोर राहिला. अलीकडच्या काठाला संरक्षक भिंत बांधली, पलीकडच्या काठाला नाही. ठेकेदाराच्या माणसाला विचारलं तर म्हणाला, "ताई, काम प्रभागाच्या हद्दीपर्यंतच आहे." आता एका काठाला भिंत झाल्यावर पावसाळ्यात पाणी कुठं जाणार? पलीकडच्या घरांत. तिथली माणसं आमच्याच नात्यागोत्यातली, विहार एक, रेशन दुकान एक, पोरांची शाळा एक. मधल्या साकवावरून दिवसातून दहादा ये-जा. पण कागदावर आम्ही शेजारचे प्रभाग.

म्हणून २०२५ला आम्ही सावध होतो. तीन-साडेतीन वर्षं प्रशासकाचा कारभार चालल्यावर ६ मे २०२५ला सर्वोच्च न्यायालयाने निवडणुका घ्या म्हणून बजावलं, जूनमध्ये नगरविकास विभागाचे प्रभाग रचनेचे आदेश निघाले आणि ऑगस्ट संपता संपता प्रारूप आराखडा आला. मी एका खासगी कंपनीत हिशेबाचं काम करते, एक्सेल रोजचं, त्यामुळे विहाराच्या बैठकीत सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. तात्या (विहार समितीचे अध्यक्ष, गिरणीतून निवृत्त) म्हणाले, "तू आकडे बघ, लोक गोळा करायचं आम्ही बघतो."

आराखडा पीडीएफमध्ये होता. फाइल इतकी जड की मोबाइलवर उघडेचना. क्षेत्रीय कार्यालयाच्या जिन्यात नकाशा लावला होता, तिथे जाऊन तुकड्या-तुकड्याने फोटो काढले. नकाशा बघून निम्मंच कळतं. खरा मजकूर सोबतच्या तक्त्यात असतो: प्रभागाची व्याप्ती, उत्तर-पूर्व-दक्षिण-पश्चिम हद्दीचं वर्णन, एकूण लोकसंख्या, अनुसूचित जातीची लोकसंख्या, अनुसूचित जमातीची लोकसंख्या. आणि या सगळ्याच्या मुळाशी असतो प्रगणक गट. जनगणनेत एका प्रगणकाला जेवढी घरं नेमून देतात तो एक गट, साधारण सहाशे ते आठशे माणसांचा. प्रभाग बनतो तो अशा गटांची बेरीज करून, आणि गट शक्यतो फोडायचा नाही असा नियम. हे कळलं तेव्हा माझी बघण्याची पद्धतच बदलली. वस्ती, गल्ली, चाळ ही आपली भाषा. तिथे सगळं गटाच्या क्रमांकावर चालतं.

लोकसंख्या २०११चीच धरायची, कारण २०२१ची जनगणना झालीच नाही. चौदा वर्षांत आमच्या मागे दोन मोठ्या सोसायट्या उभ्या राहिल्या आणि पलीकडच्या काठावर किती खोल्या वाढल्या त्याला गणती नाही. रचनेच्या दृष्टीने ही माणसं जन्मालाच आलेली नाहीत.

आता गणित. सोपे आकडे घेऊन सांगते. समजा दहा लाखांचं शहर, १०० नगरसेवक. मुंबई सोडून बाकी महापालिकांत शक्यतो चार-चारचे प्रभाग, एका प्रभागातून चार नगरसेवक, म्हणजे २५ प्रभाग आणि प्रभागाची सरासरी लोकसंख्या ४० हजार. यात दहा टक्के कमी-जास्त चालतं, म्हणजे ३६ ते ४४ हजार. शहरात अनुसूचित जातीची लोकसंख्या दीड लाख असेल तर १५ जागा राखीव. या १५ जागा कोणत्या प्रभागांत? प्रत्येक प्रभागात अनुसूचित जातीची टक्केवारी काढायची, उतरत्या क्रमाने लावायची आणि वरचे १५ प्रभाग घ्यायचे. सोडत निघते ती महिलांसाठी वगैरे. कोणत्या प्रभागात अनुसूचित जातीची जागा येणार हे बहुतेक टक्केवारीवरच ठरतं. म्हणजे आरक्षण जाहीर व्हायला दोन महिने असले तरी ज्याला भागाकार येतो त्याला प्रारूपाच्या तक्त्यातूनच ते दिसतं.

मी तो तक्ता एक्सेलमध्ये उतरवला. आमची वस्ती दोन प्रभागांत विभागल्यामुळे दोन्ही प्रभाग यादीच्या कट-ऑफच्या खाली गेले होते. अलीकडचा अगदी थोडक्यात, पलीकडचा बराच. पलीकडचे आमचे गट उचलून अलीकडच्या प्रभागात टाकले की तो प्रभाग सरळ वर जात होता. स्क्रीनवर ते बघितलं तेव्हा रागही आला आणि, खरं सांगायचं तर, हिशेबनिसाला ताळेबंद जुळल्यावर येतं तसलं समाधानही वाटलं.

हे मुद्दाम केलं होतं का? बैठकीत तरुण पोरं तेच म्हणत होती, नावंही घेत होती. मला वाटतं असेलही, नसेलही. आदेशातच लिहिलंय की हद्दी आखताना मोठे रस्ते, नद्या, नाले, रेल्वे रूळ अशा नैसर्गिक खुणा धराव्यात. त्याच आदेशात असंही आहे की अनुसूचित जाती-जमातीच्या वस्त्यांचं शक्यतो विभाजन होऊ नये. आमची वस्ती नाल्याच्या दोन्ही काठांवर आहे. म्हणजे एक नियम पाळला की दुसरा मोडतो, आणि कोणता पाळायचा हे आखणारा ठरवतो. हरकतीच्या पहिल्या मसुद्यात "राजकीय हेतूने" असे शब्द होते. ते मी काढायला लावले. हेतू सिद्ध करावा लागतो. विभाजन नकाशावर दिसतं.

सगळ्यात अवघड बोलणं झालं ते आपल्याच माणसांशी. पलीकडच्या गल्लीतला एक भाऊ म्हणाला, "ताई, दोन प्रभाग म्हणजे आठ नगरसेवक. चार नाही ऐकलं तर दुसरे चार. तोट्याचं काय आहे त्यात?" वरवर बघता बरोबरच वाटतं. त्याच्या बाजूच्या माजी नगरसेवकाने त्यांच्या गल्लीत नळाची लाइन टाकून दिली होती, ती विसरायची कशी? मी त्याला तक्ता दाखवला. दोन्हीकडे आपली मतं इतकी थोडी की निवडून येणाऱ्याला आपल्यावाचून काही अडत नाही. त्याला ते पटलं की नाही माहीत नाही, पण त्याच्या आईने मध्येच विचारलं, "आन भिंत?" मग त्याने सही केली.

आणखी काही घरं होती, मुसलमान आणि वडार समाजाची. त्यांचा प्रश्न रास्त होता: जागा अनुसूचित जातीला राखीव झाली तर आमचं काय? हा प्रश्न आमच्या शोधातला नाही. २००६च्या सच्चर समितीच्या अहवालातही आलंय की मुस्लिम लोकसंख्या लक्षणीय असलेले काही मतदारसंघ अनुसूचित जातींसाठी राखीव झालेत. मी त्यांना एवढंच सांगितलं की चारपैकी एक जागा राखीव होईल, बाकी तीन उरतात, आणि पलीकडे भिंत कुणाच्याच घरासमोर नाही. त्यातल्या काहींनी सह्या केल्या, काहींनी नाही केल्या. ज्यांनी नाही केल्या त्यांना मी दोष देत नाही.

हरकत कशी लिहायची याचा कुठेही नमुना नव्हता. इतरांच्या बघितल्या तर बहुतेकांत "आमच्यावर अन्याय झाला आहे, तरी न्याय मिळावा" एवढंच. ओळखीच्या एका वकिलांनी सांगितलं की अशा हरकती सुनावणीत मिनिटभरात निकाली निघतात. त्यांनी दुसरीही एक गोष्ट सांगितली: राज्यघटनेचा २४३-झेडजी हा अनुच्छेद प्रभाग रचनेसारख्या गोष्टी न्यायालयात नेण्याला मोठी आडकाठी करतो, तेव्हा जे काही मांडायचं ते सुनावणीतच मांडा, नंतर कोर्टात बघू असं मनात ठेवू नका. मग आम्ही लिहिलं ते असं: कोणते प्रगणक गट, कोणत्या प्रभागातून कोणत्या प्रभागात, आदेशातल्या कोणत्या तरतुदीनुसार, आणि सोबत पुरावे. साकवाचे फोटो, सकाळच्या शाळेच्या वेळचे, पोरं दप्तरं घेऊन जाताना. दोन्ही काठांच्या लोकांची एकाच दुकानाची रेशनकार्डं. विहाराच्या वर्गणीचं जुनं वहीपान, ज्यात दोन्हीकडची घरं एकाखाली एक लिहिली आहेत.

पण खरी मेख वेगळीच होती. आमचे गट अलीकडच्या प्रभागात घेतले की त्याची लोकसंख्या दहा टक्क्यांच्या वर जात होती. म्हणजे नुसतं "आम्हाला एकत्र करा" म्हणून भागणार नव्हतं. "आणि त्याऐवजी हे गट तिकडे द्या" हेही आम्हीच सांगायला हवं होतं. दुसऱ्याची घरं दुसऱ्या प्रभागात ढकलायची, हे मला जड गेलं. शेवटी प्रभागाच्या दक्षिण टोकाचे असे गट निवडले की जे मोठ्या रस्त्याच्या पलीकडे पडले होते आणि ज्यांचं सगळं चलनवलन तिकडच्याच प्रभागाशी होतं. तिथल्या दोन सोसायट्यांच्या सेक्रेटरींना जाऊन भेटलो. एकांनी दार लावून घेतलं. दुसऱ्यांनी चहा पाजला आणि म्हणाले, "आम्हालाही तिकडेच जायचंय, आमचं वॉर्ड ऑफिस तिकडे जवळ पडतं." त्यांनी वेगळी हरकत दिली. ती आमच्या फार उपयोगी पडली.

दोन प्रतींत अर्ज दिला, पोचपावतीवर आवक क्रमांक आणि शिक्का घेतला. हे मुद्दाम लिहिते, कारण काउंटरवरचे गृहस्थ प्रत ठेवून घेऊन "या आता" म्हणत होते.

सुनावणी सप्टेंबरमध्ये. शासनाने नेमलेले प्राधिकृत अधिकारी मधे, एका बाजूला महापालिकेचे निवडणूक विभागाचे लोक, दुसऱ्या बाजूला लॅपटॉपवर नकाशा उघडून बसलेला एक तरुण अभियंता. समोर भिंतीवर प्रोजेक्टर. बाहेर मांडवासारखी गर्दी. पक्षांचे लोक वकील घेऊन, पांढरे शर्ट, हातात फाइली. आमच्याकडून तात्या, पलीकडची एक मावशी आणि मी. प्रत्येकाला दोन-तीन मिनिटं.

तात्यांनी सुरुवात बाबासाहेबांपासून केली. अधिकाऱ्यांनी ऐकून घेतलं, मग हळूच म्हणाले, "आजोबा, मुद्द्यावर या." मी गट क्रमांक वाचायला लागले तसा अभियंत्याने नकाशा हलवला, एकेक गट निळा झाला. नाल्याच्या दोन्ही बाजूंचे गट निळे झाले आणि मधून काळी हद्द गेलेली सगळ्यांना दिसली. अधिकारी म्हणाले, "नाला नैसर्गिक हद्द आहे, नियमानुसारच आहे." मी म्हटलं, "हो सर, आणि वस्ती फोडू नये हेही त्याच आदेशात आहे. यावर साकव आहे, फोटो जोडलाय." ते फोटो बघत असताना मावशी म्हणाली, "साहेब, नाला आम्हाला आडवा येत नाही, आम्ही तो रोज ओलांडतो. कागदालाच का आडवा येतो?" बाजूचा क्लार्क हसला. अधिकारी हसले नाहीत, पण त्यांनी मला तोच प्रश्न विचारला ज्याची मी वाट बघत होते: "हे गट घेतले तर लोकसंख्या मर्यादेबाहेर जाते. काढायचे कोणते?" मी दुसरा कागद पुढे केला. नवी बेरीज दोन्ही प्रभागांची, टक्केवारीसकट. त्यांनी तो अभियंत्याकडे दिला, त्याने आकडे टाकले, मान डोलावली. "नोंद घेतली," म्हणाले. पुढचा क्रमांक पुकारला.

एवढंच. "नोंद घेतली" याचा अर्थ हो की नाही, हे ऑक्टोबरमध्ये अंतिम रचना येईपर्यंत कळत नाही. मधल्या काळात वस्तीत काय काय अफवा उठल्या ते लिहीत बसत नाही.

अंतिम रचनेत आमची हरकत अंशतः मान्य झाली होती. पलीकडच्या काठाचे मुख्य गट आमच्या प्रभागात आले, दक्षिणेचे गट तिकडे गेले. एक गट मात्र राहिला. त्यात आमच्या वस्तीची मागची वीसेक घरं आणि त्यांच्यामागचा बंगल्यांचा पट्टा २०११ सालीच एकत्र मोजलेला. गट फोडायचा नाही म्हणून ती घरं पलीकडेच राहिली. ती मावशी, जिने सुनावणीत प्रश्न विचारला, तिचं घर त्यातच आहे.

नोव्हेंबरच्या सोडतीआधीच आरक्षणाचा तक्ता लागला आणि आमचा प्रभाग यादीत आला. प्रभागाच्या अ, ब, क, ड अशा चार जागांपैकी 'अ' जागा अनुसूचित जाती, सोडतीत ती महिलेला गेली. वस्तीत फटाके वाजले. मी त्या रात्री थोडी कोरडीच होते, आणि त्यावरून घरी बोलणीही खाल्ली. पण चारच्या प्रभागात राखीव जागेला मत सगळा प्रभाग देतो. आमची वस्ती त्यात एक तुकडा. उमेदवार ठरते ती पॅनेलमध्ये, म्हणजे चारही जागांवर एकत्र लढणाऱ्यांच्या गटात, आणि पॅनेल ठरतं 'ड' जागेवर जो वजनदार उभा असतो त्याच्या दिवाणखान्यात. ही गोष्ट नवी नाही. २४ सप्टेंबर १९३२च्या पुणे करारात प्रांतिक कायदेमंडळांत राखीव जागा १४८ झाल्या. ब्रिटिशांच्या जातीय निवाड्यात त्या ७१ होत्या. जागा दुपटीहून वाढल्या, पण स्वतंत्र मतदारसंघ गेले, आणि आपला माणूस कोण हे ठरवण्यात इतरांचा हात आला. आमचे जुने लोक अजून यावर भांडतात. चारच्या प्रभागात ते भांडण आणखी घट्ट होतं, असं माझं मत. प्रभाग किती जणांचा हेही सरकार बदललं की बदलतं: २००२ला तीन, २००७ला एक, २०१२ला दोन, २०१७ला चार, मधे पुन्हा एक आणि तीनचे घाट घातले, आणि आता परत चार. एकसदस्यीय असता तर आमचा उमेदवार आम्हाला चिकटून राहिला असता.

१५ जानेवारी २०२६ला मतदान झालं. निवडून आलेल्या बाई आमच्या वस्तीतल्या नाहीत, प्रभागाच्या दुसऱ्या टोकाच्या आहेत, पण प्रचारात त्यांना साकवावर यावं लागलं आणि दोन्ही काठांवर एकच पत्रक वाटावं लागलं. पलीकडच्या भिंतीचं निवेदन त्यांना दिलंय. "करू" म्हणाल्या. या वेळी "ते माझ्या हद्दीत नाही" असं म्हणता येत नाही, एवढं आम्ही मिळवलं.

राहिलेल्या वीस घरांचं मात्र या प्रभाग रचनेत काही होणार नाही. ते होईल तर २०२७च्या जनगणनेत, नवे प्रगणक गट पडतील तेव्हा. म्हणून सध्या विहारात दोन विषय चालू आहेत. पहिला सोपा: गट आखताना वस्तीची हद्द कुठे संपते ते लेखी कळवायचं, नकाशा जोडून. दुसऱ्यावर मात्र रविवारी आवाज चढतात. अनुसूचित जातीच्या आकड्यात मोजलं जायचं तर धर्म बौद्ध लिहून चालतं, १९९०च्या दुरुस्तीने ते मान्य झालंय. पण जातीच्या रकान्यात यादीतलं जातीचं नाव लिहावं लागतं. नुसतं 'बौद्ध' लिहिलं किंवा रकाना रिकामा ठेवला तर आकड्यातून बाहेर. तात्यांचं म्हणणं, "जे १९५६ला टाकलं ते परत लिहायचं नाही." मी म्हणते, टक्केवारी त्याच रकान्यातून निघते. त्यांना माझा तक्ता पाठ आहे, मला त्यांची भावना. दोघांनीही माघार घेतलेली नाही.

तोवर घरयादीला प्रगणक येतील तेव्हा त्यांच्याबरोबर मागच्या गल्लीपासून बंगल्यांच्या कुंपणापर्यंत चालत जायला मावशी आणि मी तयार आहोत. आणखी दोघी-तिघी हव्यात, कारण त्या गल्लीत दुपारी सगळ्या कामावर असतात आणि कुलूप दिसलं की प्रगणक पुढे जातो.